क्यूआर कोडवालं घानाचं चॉकलेट: चव भारी, मॅप अर्धवट

इथे ॲमस्टरडॅमला सुपरमार्केटमध्ये मिळतं, ७० टक्के डार्क, रॅपरच्या आत क्यूआर कोड. चवीला पैकीच्या पैकी, आधी जरा तुरट लागतं मग मनुक्यासारखं आंबटगोड, साखरेचा मारा नाही. पण मी घेतलं ते कोडसाठी. स्कॅन केलं की घानातल्या शेतकरी सोसायटीचा मॅप उघडतो, एआयने सॅटेलाइट फोटो तपासलेत आणि इथे जंगल तोडलेलं नाही असं म्हणतात. हे सगळं कशामुळे तर युरोपचा २०२३ चा कायदा, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ करून लावलेला कोको इथे विकायचा नाही, फक्त अंमलबजावणी पुढे पुढे ढकलतायत.

आता काम सोपं नाहीये हां. कोको बऱ्याचदा मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, वरून बघितलं तर बाग कुठली न जंगल कुठलं कळत नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी २०२३ मध्ये डीप लर्निंगने (एआयचाच प्रकार) कोकोच्या बागांचा मॅप केला तेव्हा आयव्हरी कोस्टच्या संरक्षित जंगलांतली ३७ टक्क्यांहून जास्त तोड कोकोमुळे निघाली!

पण ह्या चॉकलेटवाल्यांच्या मॅपवर झूम केलं तर बहुतेक शेतं म्हणजे नुसते ठिपके, शेताची हद्द दिसतच नाही (४ हेक्टरपर्यंत ठिपका चालतो म्हणे कायद्याने), आणि शेतकऱ्याला किलोमागे किती मिळाले ते कुठेच नाही. मेल टाकून विचारलं तर चॅटबॉटने ब्राउनीची रेसिपी पाठवली, काय बोलणार.

चॉकलेटला चार स्टार, मॅपला दोन. ऑफर असेल तेव्हा घ्या.