तालुक्याचा खांद्याचा वर्ग : व्यायामाला जावे, डबा घेऊ नये

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) आटोपले की मोठ्या शहरातल्या दवाखान्यातून जी फाइल हाती येते, तिच्यात गोळ्यांची नावे आणि पुढच्या तपासणीची तारीख ठळक असते. ‘नियमित व्यायाम करावा, वजन आटोक्यात ठेवावे’ ही ओळ मात्र सगळ्यांत खाली असते आणि ते नेमके कसे करावे हे सांगायला गावात कोणी नसते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी नेमकी हीच उणीव ओळखून बायांसाठी वर्ग सुरू केला आहे. मी गेल्या पावसाळ्यापासून तेथे जात आहे. व्यायामाच्या भागाला मी पाचपैकी पाच गुण देईन. त्याला जोडून दिल्या जाणाऱ्या आहाराच्या सल्ल्याला दोन देतानाही माझा हात आखडेल.

बाहेरच्या पाटीवर कर्करोगाचा उल्लेखही नाही, ‘खांदा व सांधेदुखी व्यायामवर्ग, फक्त महिलांसाठी’ एवढेच लिहिलेले आहे. हा शहाणपणा मला फार आवडला. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरायचे असले की आईचा आजार लपवून ठेवणारी घरे आजही आहेत, आणि एसटीतून उतरून त्या जिन्याकडे वळणारी बाई कशासाठी चालली आहे हे या पाटीमुळे कोणाला कळत नाही. खिडक्यांना पडदे आहेत, साडी नेसूनच व्यायाम करता येतो, आणि ब्लाउजच्या आत एका बाजूला कापड भरून आलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.

पहिल्या दिवशी व्यायाम होत नाही, मोजमाप होते. मनगट, कोपराच्या खाली आणि वर दंडावर अशा तीन ठिकाणी दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून वहीत लिहिला जातो आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा ताडून पाहिला जातो. काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील किंवा तेथे शेक दिला असेल, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे अनेक वर्षे राहतो. आणि ही सूज सुरुवातीला दिसत नाही, फक्त रोजची बांगडी घट्ट होते. त्यानंतर भिंतीचा व्यायाम येतो. भिंतीसमोर उभे राहून बोटे एकेक करीत वर चढवायची आणि जेथे हात थांबेल तेथे ताई खडूने रेघ ओढून शेजारी तारीख लिहितात. ती भिंत आता रेघांनी भरली आहे, आणि कोणाचा हात कोठवर गेला यावरून बायांमध्ये चुरस लागते.

वर्गाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच प्रश्नावर लागते. आमच्यातल्या एका मावशींनी सुरुवातीलाच विचारले होते, ‘‘दिवसभर वावरात राबतो मी, मंग हा अजून कायचा व्यायाम?’’ ताईंनी त्यांना हसण्यावारी नेले नाही. निंदण आणि कापूस वेचणी ही मेहनत खरी, पण त्यात तासन्‌तास पाठ एकाच कोनात वाकलेली राहते, हात डोक्याच्या वर क्वचितच जातो आणि कामाचा भार शरीराच्या ताकदीवर नव्हे, तर पिकाच्या हंगामावर ठरतो, असे त्यांनी उभे राहून, वाकून दाखवत समजावले. व्यायामात भार आपण ठरवतो आणि हळूहळू वाढवतो. म्हणून येथे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात होते, मग एक लिटर आणि पुढे त्याच बाटलीत वाळू.

ऑपरेशनच्या हाताने बादलीसुद्धा उचलायची नाही, असे आपल्याला घरीदारी बजावलेले असते, त्यामुळे ही वाळूची बाटली पाहून काही जणी घाबरून येणेच सोडतात. वास्तविक २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या, आणि देखरेखीखाली क्रमाक्रमाने वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट त्रास उफाळून येण्याचे प्रमाण कमी झाले. या देखरेखीला महत्त्व आहे. ज्यांच्याकडे आर्म स्लीव्ह (सूज आवरण्यासाठी हातावर चढवायची घट्ट बाही) आहे, त्यांना ताई ती घातल्याशिवाय बाटलीला हात लावू देत नाहीत.

चालण्याचा हिशेबही तेथेच समजतो. आठवड्याला किमान १५० मिनिटे, आणि चाल अशी की सोबतिणीशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. पाळी गेल्यानंतर अंगावरच्या चरबीतूनच इस्ट्रोजेन, म्हणजे अनेकींच्या स्तनाच्या कर्करोगाला पोसणारे संप्रेरक, तयार होत राहते, म्हणून वजनाकडे लक्ष द्यायचे. आणि हे इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात, म्हणून चालण्याला वजनाच्या व्यायामाची जोड द्यायची. सकाळी उठल्यावर बोटांची मूठ वळत नाही ही त्याच गोळ्यांची तक्रार अनेक जणींची होती. नियमाने येणाऱ्यांची ती बरीच कमी झाली आहे, माझीही.

आता आहाराविषयी. महिन्यातून एकदा बाहेरून एक सल्लागार येतात आणि छापील तक्ता वाटतात. त्यात ओट्स, ब्रोकोली, किवी आणि ऑलिव्ह तेल आहे. आमच्या आठवडी बाजारात ब्रोकोली मागितली तर भाजीवाली फुलकोबी दाखवेल. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, जवसाची चटणी, पावसाळ्यातला तरोटा आणि अंबाडी यांतले एकही नाव त्या कागदावर नाही. वास्तविक सांगण्यासारखी गोष्ट हीच होती की घरोघरी ज्वारी मागे पडून रेशनचा गहू-तांदूळ आला आहे आणि ताटात भाकर परत आणावी.

त्याहून वाईट म्हणजे, सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखा घटक असतो म्हणून सोयावडी अजिबात खाऊ नका, असे त्यांनी ठामपणे सांगितले. सोयाबीन, सोयावडी, टोफू यांसारखे पदार्थ बेताने खाण्यास या रुग्णांना हरकत नाही, असे अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगते. ज्या जिल्ह्यात शेताशेतांत सोयाबीन उभे असते, तेथल्या बाईला स्वस्तातली प्रथिने सोडायला लावणे हे नुकसानच आहे. पुढे त्याच सल्लागारांनी पिशवीतून प्रोटीन पावडरचा डबा काढून दीड हजार रुपये किंमत सांगितली. चष्मा लावून मी डब्याची मागची बाजू वाचली, तर घटकांच्या यादीत पहिलेच नाव सोया प्रोटीन आयसोलेट होते. सोबत हळदीच्या कॅप्सूलही होत्या. भाजीतली हळद चांगलीच आहे, पण कर्करोगाच्या गोळ्या चालू असताना तिचा अर्क कॅप्सूलमधून घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, आणि ही सूचना तेथे कोणी दिली नाही.

वेळेची अडचणही सांगायला हवी. वर्ग सकाळी साडेसातला सुरू होतो, आमच्याकडची पहिली एसटी त्यानंतर पोहोचते, आणि एप्रिल-मे महिन्यांत परतीच्या वेळी ऊन इतके चढलेले असते की स्लीव्हखाली हात भिजून जातो. दिवाळीनंतर वेचणी लागली की निम्म्या बाया दिसेनाशा होतात. त्यासाठी ताईंनी घरी करायच्या व्यायामांचा चित्रांचा कागद दिला आहे, तो वाचता न येणाऱ्यांनाही समजतो. वेचणीला जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, बोंडाचे टोक लागून ओरखडा पडलाच तर साबणाने धुवावा, आणि हात लाल होऊन ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा, हेही त्याच कागदाच्या मागे चितारले आहे.

शुल्क महिन्याला ४०० रुपये आहे, आणि हंगामात गैरहजर राहिलेल्यांचे पैसे पुढच्या महिन्यात धरतात. जाताना ऑपरेशनचा कागद आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी, त्याशिवाय ताई वहीत नाव लिहीत नाहीत. सल्लागारांच्या दिवशी डब्याचा आग्रह झालाच, तर ‘घरी विचारून सांगते’ एवढे म्हणावे; दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.