पहाटेच्या थंडीत पळताना: विंडचीटर की आर्म स्लीव्ह्ज?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे नाशिक-पुण्याकडच्या पळणाऱ्यांचे सगळ्यात लांबचे रन नेमके डिसेंबरच्या कडाक्यात येतात. पहाटे पाचला बाहेर पडताना 9-10 अंश, आणि परतेपर्यंत डोक्यावर ऊन. निफाडकडच्या मंडळींना तर विचारायलाच नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतातच. मग प्रश्न येतो: टी-शर्टवर विंडचीटर चढवायचं, की आर्म स्लीव्ह्ज, म्हणजे दंडापासून मनगटापर्यंतच्या सुट्या बाह्या, घालून निघायचं? मी दोन्ही भरपूर वापरलंय.

थर्मल या तुलनेत धरलेलंच नाही. ते टी-शर्टच्या आत असतं, त्यामुळे गरम झालं तरी रस्त्यात काढता येत नाही.

विंडचीटरचं सुख पहिल्या दोन किलोमीटरमध्ये आहे, आणि ते खरंच मोठं आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर वारा अंगावर येतो तेव्हा चेन गळ्यापर्यंत ओढून घेण्यासारखं दुसरं काही नाही. पाठीवर चमकणारी पट्टी असते, अंधारात मागून येणाऱ्या गाडीला आपण दिसतो. हा मुद्दा मी हलका मानत नाही. स्लीव्ह्ज घालून पळायचं तर चमकणारा पट्टा वेगळा बांधावा लागतो, आणि तो बांधाच.

पण पळताना आपले स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून तर जुने धावपटू सांगतात की बाहेर आहे त्यापेक्षा 10 अंश जास्त आहेत असं समजून कपडे घाला. विंडचीटरमध्ये ही उष्णता कोंडते. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला कोपराच्या आतल्या बाजूला नायलॉन चिकटायला लागतं, पाठीवर टी-शर्ट भिजतो, आणि काढायची वेळ येते.

माझं मत ठरलं ते इथे. काढलेलं विंडचीटर ठेवायचं कुठे? हातात धरलं तर हात मोकळे हलत नाहीत. कमरेला बांधलं तर नायलॉन गुळगुळीत, गाठ दर किलोमीटरला सैल होते. बाह्या मांड्यांवर आपटत राहतात, चेनचं टोक एकाच जागी टोचत राहतं. लय लागली की हात गाठीकडे जातो, पेस (पळण्याचा वेग) तुटतो. खिशात मोबाइल असेल तर तो लोंबकळतो ते वेगळंच. शिवाय आता भिजलेल्या टी-शर्टवर थेट वारा लागतो. नदीकाठी उतरलात की फरक लगेच कळतो. थंड हवा जड असते, ती खोलगटात साचते, त्यामुळे नाशिकचा नदीकाठचा गोदापार्क वरच्या रस्त्यापेक्षा गार लागतो. तिथे ओल्या पाठीने पळताना जी हुडहुडी भरते, ती मला सुरुवातीच्या थंडीपेक्षा वाईट वाटते.

स्लीव्ह्जचं गणित उलटं आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं छाती-पोट गारठतं, ते सोसावं लागतं. घरातच जिन्यावर वॉर्मअप करून निघालं तर बरंच सुसह्य होतं. त्यानंतर मात्र सगळं आपल्या हातात. गरम झालं की पळतापळता मनगटापर्यंत खाली ओढा, नदीकाठ आला की परत वर. थांबायचं नाही, बांधायचं नाही. धड मोकळं असल्याने घाम उडून जातो. शर्यतीत बिब (छातीवर लावलेला नंबर) झाकला जात नाही. सोबत कानांवर बफ (नळीसारखा कापडी पट्टा) आणि पातळ हातमोजे असले की आपल्याकडच्या थंडीला मला तरी पुरतं.

दोष आहेतच. स्वस्तातल्या स्लीव्ह्ज धुऊन धुऊन सैल होतात आणि दंडावरून घसरतात. घेताना वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी आहे ना, ते बघा.

तुमचा पेस निवांत असेल, मधेमधे चालत असाल, किंवा गार वाऱ्याने छातीत घरघर होत असेल, तर विंडचीटरच बरं. शरीर तेवढं तापतच नाही. लेहला किंवा बर्फाच्या देशात पळणाऱ्यांनी माझं ऐकू नये. पण नाशिक, पुणे, संभाजीनगरच्या थंडीत तासाभराच्या वर पळणाऱ्याला मी स्लीव्ह्जच सुचवीन.

विंडचीटर टाकून देऊ नका. पळून झालं की पाच मिनिटांत अंग गार पडायला लागतं, आणि स्कूटरवरून घरी जाताना खरा वारा तेव्हा लागतो. डिकीत कोरडा टी-शर्ट आणि विंडचीटर ठेवा, ओला आधी बदला, मगच गाडीला चावी लावा. आणि लगेच खर्च करायचा नसेल तर गुडघ्यापर्यंतचे जुने फुटबॉलचे मोजे घ्या, बोटांकडचा भाग कापा आणि एक-दोन रविवार ते हातात चढवून पळून बघा.