कटलफिशची पिल्लं वाढवायची जाळीची पेटी: सात महिने वापरल्यावर

काल मध्यरात्री टँकच्या आत लटकवलेल्या पेटीचा सक्शन कप, काचेला चिकटतो तो, परत सुटला. परत म्हणजे सात महिन्यांत अकराव्यांदा, मोजतोय मी. पेटी एका कोपऱ्यावर लोंबकळतेय, कड पाण्याखाली, आणि नऊ पिल्लांपैकी दोन मेन टँकमध्ये, जिथे त्यांचेच आईबाप बसलेत. कटलफिशला, म्हणजे ऑक्टोपसच्या या समुद्री भाऊबंदाला, आपलं-परकं काही नसतं, तोंडात मावलं की झालं. टॉर्च घेऊन दीड तास शोधलं, एकच सापडलं.

पाण्याचा खारटपणा १.०२५ विशिष्ट गुरुत्वाचा, तांब्याचं औषध टँकच्या आसपाससुद्धा नको, हे सगळं तुम्हाला माहितीये, उगाळत नाही. माझं भांडण त्या सक्शन कपच्या रबराशी आहे. दीड महिन्यात कडक होतं आणि मग काचेला धरतच नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, पाण्यात वापरल्यामुळे खराब झालं, वॉरंटीत बसत नाही. अरे मग फिशटँकची पेटी काय कपाटात ठेवून वापरायची?

पहिल्या बॅचला तर इतका वैतागलो की चौथ्या दिवशी पेटी काढली आणि पिल्लं सरळ टँकमध्ये सोडली. तिथे माती खाल्ली. सात-आठ मिलिमीटरचा जीव तो, खाणं पाठलाग करून शोधत नाही, समोर आलं तर पकडतो, आणि मोठ्या टँकमध्ये मायसिस, म्हणजे त्यांचं खाणं असलेले कोळंबीसारखे बारीक जीव, पांगतात. त्यात मी कंजूसपणा करून आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला त्याहून बारीक जीव, चालू केलेला, अंड्यांतून घरीच निघतो म्हणून, तो पिल्लं पकडतात पण त्यावर अंग धरत नाहीत. आठवड्यात तीन गेली. मग गुपचूप पेटी परत लावली, जिवंत मायसिस मागवले, उरलेली सगळी जगली. म्हणजे पेटीची आयडिया बरोबर आहे हे कबूल, जाळीतून पाणी खेळतं, खाणं नाकासमोर राहतं, फक्त शेवाळ धरतं म्हणून दर चार दिवसांनी ब्रश मारावा लागतो.

आणि शिकार बघायला मिळते ती वेगळीच. पिल्लू आधी गडद होतं, पुढच्या दोन भुजा वर उचलतं, हळूहळू सरकतं, आणि मधूनच दोन लांब शुंडा अशा सुटतात की डोळ्याला दिसतच नाहीत, मायसिस गायब. महिना-दीड महिन्याने मेलेली कोळंबी काडीला लावून हलवत बसायचो, रोज वीस मिनिटं, घरचे हसायचे. बाराव्या दिवशी एकाने काडीसकट ओढली. त्या दिवशी जिवंत खाण्याचा खर्च निम्म्यावर आला, आनंद कशाचा जास्त झाला सांगत नाही.

त्याच पिल्लांनी नंतर काळ्या द्राक्षांसारखी अंडी घातली, त्यातली ही नऊ. आता आठ.

पेटीला पाचपैकी तीन. सध्या कपडे वाळवायच्या दोन चिमट्यांनी टँकच्या कडेला अडकवलीये, स्प्रिंग पाण्याबाहेर राहील अशी, नाहीतर गंज उतरतो. कडक झालेले चारही सक्शन कप डब्यात ठेवलेत, टाकवत नाहीत.