आउटरिगरवाल्या शिडाच्या कयाकला बाजूची बाकं: काही महिने वापरल्यानंतर

सुरुवातीलाच सांगून टाकते, बाकं मी काढणार नाहीये. एक अख्खा सीझन आणि वर थोडं असं वापरून झालंय, मंद वाऱ्यात, चांगल्या वाऱ्यात, उसळत्या पाण्यात, सामान लादून, एकटीने आणि कधी मागे कुणाला बसवून, आणि आता मत पक्कं झालंय. बसवायच्या आधी मी माहिती शोधत होते तेव्हा सगळीकडे नव्या कोऱ्या बाकांचे फोटोच मिळायचे, काही महिन्यांनी त्यांचं काय होतं ते कुणी लिहीत नव्हतं, म्हणून हे जरा लांबलचक.

होडी म्हणजे पाच मीटरच्या आतली रोटोमोल्ड प्लॅस्टिकची कयाक, दोन्ही बाजूंना फ्लोट, ते धरणारे पुढे-मागे घडी होणारे आडवे दांडे, डोलकाठीवर गुंडाळलं जाणारं एकच शीड आणि हाताच्या लिव्हरवर चालणारं सुकाणू. बाक म्हणजे पुढच्या आणि मागच्या आडव्या दांड्यावर टेकवलेली अ‍ॅल्युमिनियमच्या दोन नळ्यांची चौकट, तिच्यावर पट्ट्यांची विणलेली बैठक, होडी आणि फ्लोट यांच्या साधारण मध्यावर. दोन्ही बाजूंना एकेक. पाय आत कॉकपिटमध्येच राहतात, बूड मात्र पाण्याच्या वर बाहेर.

आता एवढा खटाटोप कशाला? लोक म्हणतील स्पीडसाठी, माझ्यासाठी पहिलं कारण कंबर होतं. कयाकच्या सीटवर पाय समोर पसरून तासन्‌तास बसणं म्हणजे कंबर, मांडीच्या मागच्या शिरा आणि टाचा सगळ्यांची परीक्षा, आणि शिडावर चालताना तुम्ही पॅडलही मारत नसता त्यामुळे शरीर हलतच नाही. बाकावर गेलं की गुडघे वाकतात, पाठ ताठ होते, नजर उंच जाते आणि पाण्यावरून येणारा वाऱ्याचा झोत आधी दिसतो, म्हणजे पुढे पाणी काळपट, बारीक सुरकुत्यांचं झालेलं दिसतं आणि तो अंगावर यायच्या आत शिडाची दोरी सैल करायला वेळ मिळतो. हा फायदा माझ्या हिशोबातच नव्हता आणि आज तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

बाहेर बसून तोल सांभाळणं ही काही नवी गोष्ट नाही. मायक्रोनेशियातल्या एकाच बाजूला उलांडी (म्हणजे आउटरिगरचा फ्लोट) असलेल्या होड्यांमध्ये उलांडी कायम वाऱ्याकडे ठेवतात आणि वारा वाढला की माणसं तिच्याकडे सरकतात, तर 10 चौरस मीटर शिडाच्या इंटरनॅशनल कनूमध्ये खलाशी सरकत्या फळीवर पार बाहेर जाऊन बसतो. आपल्या कयाकमध्ये फरक एवढाच की दोन्हीकडे फ्लोट आहेत, आणि ह्या फरकामुळेच एक गोष्ट बदलते जी नीट समजून घेतल्याशिवाय बाक बसवू नये असं माझं ठाम मत आहे.

सरळ गणित मांडते. समजा फ्लोट 40 लिटरचा आहे, म्हणजे पूर्ण बुडाला तर तो फार तर 40 किलो उचलणार. होडीच्या मध्यरेषेपासून तो 1.2 मीटर लांब असेल तर उलटण्याविरुद्धची त्याची जास्तीत जास्त ताकद 48 किलो-मीटर (म्हणजे किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नव्हेत). तुम्ही मधल्या सीटवर बसलात तर तुमचं वजन ह्यात काहीच भर घालत नाही. पण 70 किलोचा माणूस वाऱ्याकडच्या बाजूला 60 सेंटिमीटर बाहेर बसला की 42 किलो-मीटर वर मिळतात, एकूण 90, म्हणजे जवळजवळ दुप्पट! शीड न कमी करता होडी बऱ्यापैकी सपाट चालते, खालचा फ्लोट पाणी कापत जातो, नांगरत नाही, आणि तोंडावर उडणारं पाणीही कमी होतं.

आता हेच गणित उलटं करा. तोच माणूस त्याच बाकावर बसलाय पण वारा फिरला किंवा टॅक मारल्यावर (म्हणजे होडीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवून शीड दुसऱ्या बाजूला घेतल्यावर) तो बाजू बदलायला उशीर करतोय, म्हणजे आता तो वाऱ्याआडच्या, शीड झुकतं त्या बाजूला आहे. ते 42 किलो-मीटर आता उलटवण्याच्या बाजूने मोजायचे, आणि नुसतं त्याचं वजन पेलायला फ्लोटला 35 किलो उचलावे लागतात, 40 पैकी 35. शिडाचा जोर तर अजून धरलेलाच नाही. फ्लोट डोळ्यांदेखत पाण्याखाली जातो, आडवा दांडा पाण्यात घासायला लागतो, होडी त्या बाजूला वळू बघते आणि पुढचं सगळं फार भराभर होतं. त्यामुळे माझा नियम असा की टॅक मारायच्या आधी आत यायचं, मधल्या सीटवर बूड टेकायचं, मग सुकाणू वळवायचं, शीड दुसरीकडे गेलं, भरलं, होडी पुढे निघाली की मगच दुसऱ्या बाकावर जायचं. टॅक थोडा मंद होतो, होऊ दे. आणि वारा पडत-उठत असेल, नुसता लहरी असेल, तर बाकावर जायचंच नाही, कारण वारा अचानक थांबला तर तुम्ही बसलेली बाजू एकदम खाली जाते, तिला वर धरणारा शिडाचा जोरच नसतो.

आणखी एक मुद्दा, जो मला फारसा कुठे वाचायला मिळाला नाही. बाकाआधी वारा जास्त झाला की फ्लोट बुडायला लागायचा आणि तीच सूचना असायची, शीड गुंडाळा. बाकावर बसल्यावर ती सूचना उशिरा येते. जोर तोच, उलट जास्तच, पण तो आता डोलकाठीवर, तिच्या बुडाच्या खाचेवर आणि आडव्या दांड्यांच्या सांध्यांवर जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, 10 नॉटचा (ताशी 10 सागरी मैलांचा) वारा 14 झाला की जोर जवळपास दुप्पट, अंगाला मात्र तेवढा फरक जाणवत नाही. म्हणून बाक हे शीड कमी करण्याला पर्याय नाही. मी आधी ज्या वाऱ्यात शीड गुंडाळायचे त्याच वाऱ्यात आजही गुंडाळते, बाकामुळे होडी जास्त शांत चालते एवढाच फायदा घेते.

बांधणीकडे वळते. होडीच्या प्लॅस्टिकला काहीही स्क्रू करू नका, चिकटवू तर मुळीच नका. पॉलिइथिलीनला गोंद धरत नाही आणि वारंवार ओढ बसली की स्क्रूची भोकं मोठी होत जातात. सगळा भार आडव्या दांड्यांवरच जायला हवा. माझ्या बाकाचा गाळा 1.2 मीटर आहे, 38 मिलिमीटर व्यासाच्या, 3 मिलिमीटर जाडीच्या दोन नळ्या, मधोमध 70 किलो टाकले तर हिशोबाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाकतात, ते बसल्यावर कळतही नाही. पण लक्षात ठेवा, वाक लांबीच्या घनाने वाढतो, गाळा दीड मीटरचा केलात तर तीच नळी जवळजवळ दुप्पट वाकेल, आणि लाटेवर आपटल्यावर बसणारा धक्का नुसत्या वजनापेक्षा कितीतरी मोठा असतो, तेव्हा जाडीत कंजूषी नको. प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे प्रयोग बरेच जण करतात, मी करणार नाही, उन्हात तो ठिसूळ होतो आणि तुटला की कडा धारदार असतात.

काही कयाकच्या आडव्या दांड्यांना मुद्दाम कमजोर ठेवलेला प्लॅस्टिकचा बोल्ट असतो, फ्लोट कशाला धडकला तर आधी तो तुटावा आणि होडी वाचावी म्हणून. तो काढून तिथे स्टीलचा घालायचा मोह होतो, विशेषतः बाक बसवल्यावर. घालू नका. मग तुटेल ती होडीची भिंत.

बाक बाहेरच्या टोकाला थोडं उंच ठेवलंय, बोटभर फरक असेल, पण त्यामुळे होडी कलली की माणूस बाहेर घसरत नाही. पुढे-मागे जागा मात्र मला दोनदा बदलावी लागली. नाक खुपसणार नाही आणि मागची बाजूही पाणी ओढत बसणार नाही अशी जागा प्रत्येक होडीत वेगळी असते, त्यामुळे क्लॅम्प सरकवता येतील असेच ठेवा. वारा मागून असताना झोत आला की वाऱ्याआडच्या फ्लोटचं नाक आधी खाली जातं, तेव्हा बाकावरच एक हात मागे सरकायला जागा पाहिजे, म्हणून बैठक लांब असणं रुंद असण्यापेक्षा महत्त्वाचं.

सुकाणूचा लिव्हर कॉकपिटमध्ये, म्हणजे बाकावरून हात पोचत नाही किंवा वाकडं होऊन पोचतो. टिलरला, म्हणजे ह्या लिव्हरला, जोडदांडा लावल्याशिवाय बाक अर्धवटच समजा. दोन्ही बाजूंनी धरता येईल असा, टोकाला सगळीकडे फिरणारा सांधा असलेला. शिडाची दोरी हातात किंवा झटक्यात सुटेल अशा क्लीटमध्ये (दोरी अडकवायच्या खाचेत), पक्की बांधायची नाही, कारण बाकावरून तुम्ही पाण्यात पडलात आणि दोरी बांधलेली असेल तर होडी तुमच्याशिवाय निघून जाते, पोहून ती सापडत नाही. लाइफ जॅकेट तर आहेच, शिवाय मी कमरेला झटक्यात सुटणारी दोरी लावते आणि ती होडीला जोडते. सुटणारी हवीच, होडी पालथी झाली तर बाकाखाली अडकायला नको. ह्याच कारणासाठी मी बाक आणि होडी यांच्या मधल्या जागेत जाळी बसवली नाही.

आता झीज. पट्ट्या मी मुद्दाम पॉलिएस्टरच्या घेतल्या, नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की ताणतो, मग सकाळी घट्ट असलेली बैठक दुपारी झोळी होते. पट्ट्या उत्तम आहेत. पण शिलाई बघा. मागच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे बाकावर चढता-उतरता मांडी घासली जाते, तिथला दोरा आधी पांढुरका झाला, मग केसाळ, आणि नखाने उचकला तर तुटला. बाकी सगळीकडे शिलाई ठणठणीत. आता त्या कोपऱ्यावर रबरी नळी चिरून चढवली आहे आणि नवी शिलाई उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने घातली आहे.

दुसरं, क्लॅम्प. स्टेनलेस बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणार हे ठरलेलं. रेडीमेड आलेल्या क्लॅम्पमध्ये वॉशर नव्हते, काही आठवड्यांतच बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पूड जमायला लागली, ती खरवडली तर खाली नळीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. नायलॉनचे वॉशर आणि धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावल्यापासून ती पूड दिसलेली नाही, पण प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणं आणि अधूनमधून बोल्ट सोडून बघणं चालूच आहे. बोल्ट 316 ग्रेडचे घ्या, 304 ला खाऱ्या पाण्यात लवकर तांबूस डाग येतात.

तोटे? आहेत. बाक खाली असताना पॅडल नीट मारता येत नाही, वल्ह्याचं पातं बाकाच्या कडेला आपटतं. म्हणून आतल्या नळीला बिजागरीसारखा फिरता क्लॅम्प हवा, वारा गेला की बाक वर उभं करून बांधता येतं. माझं उभं होतं पण एका हाताने होत नाही, हे बदलायचंय. वजन वाढतं, दोन बाकं मिळून सात-आठ किलो, पाण्यात जाणवत नाही, गाडीच्या टपावर चढवताना जाणवतं. उसळत्या पाण्यात पुढच्या आडव्या दांड्यावर लाट फुटते आणि ती थेट बाकाखालून वर येते, बूड ओलं होणारच, थंडीत चांगली वॉटरप्रूफ पँट लागते. आणि वेगाबद्दल विचाराल तर वाऱ्याच्या दिशेने वर चढताना फरक स्पष्ट आहे, आडव्या वाऱ्यातही थोडा, मागून वारा असताना काहीच नाही.

पाण्यातून परत वर चढायला मात्र बाकाचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. होडी आणि फ्लोटच्या मधून यायचं, बाक वर उभं असेल तर मोकळी जागा मिळते, आणि त्याची आतली नळी धरून स्वतःला आत ओढून घेता येतं. शांत, उथळ पाण्यात हे आधी करून बघा, कपडे आणि जॅकेट सगळं घालून, कारण जॅकेटचा पुढचा फुगीर भाग नळीवर अडतो आणि अंग थोडं तिरकं करावं लागतं.

तुम्ही बहुतेक वेळ हाताच्या पॅडलवर किंवा पायाच्या पेडलवरच असाल, शीड फक्त मदतीला, तर हा खर्च आणि खटाटोप करू नका, चांगली गादी घ्या. 8 ते 15 नॉटच्या वाऱ्यात लांब लांब पल्ले मारत असाल तर करा, आणि आधी एकाच बाजूला तात्पुरती फळी दोरीने आवळून शांत दिवशी बसून बघा, वाऱ्याआडच्या बाजूलाही बसून बघा. तुमच्या वजनाला तुमचा फ्लोट किती खाली जातो ते डोळ्यांनी दिसेल आणि बाक मध्यरेषेपासून किती बाहेर न्यायचं हे तिथेच ठरेल.