आईच्या टाळूवरची गाठ आणि हेड-नेक विभागाचा आमचा अनुभव (४ स्टार)

आईच्या टाळूला उजव्या बाजूला, दाढेच्या आतल्या अंगाला वाटाण्याएवढी गाठ आलेली, दुखत बिखत काही नव्हती, जीभ फिरवली की फक्त टणक लागायची. आधीच्या दवाखान्यात दाताचा पू समजून दोनदा अँटिबायोटिक दिलं आणि त्यात तीन महिने गेले, त्याचा राग अजून जात नाही माझा. मग हेड-नेक सर्जरीवाल्यांकडे गेलो, हा रिव्ह्यू त्यांचा.

डॉक्टरांनी गाठ बोटानं दाबून बघितली, शेजारच्या दाढांना थंड लावून त्या जिवंत आहेत का ते पाहिलं, मान चाचपली आणि विचारलं, "काकू, गालाला, वरच्या ओठाला बधिरपणा वाटतो का?" हे का विचारलं ते नंतर कळलं. तोंडात ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी असतात, त्यांच्या गाठी क्वचितच होतात पण झाल्या तर त्यातल्या निम्म्याच्या आसपास कॅन्सरच्या निघतात, आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक नावाचा कॅन्सरचा प्रकार तर नसेच्या कडेकडेनं पुढे सरकतो, म्हणून बधिरपणा विचारला.

मला सगळ्यात पटलं ते हे की गाठ काढून टाकायची घाई केली नाही. आधी जागा बधिर करून छोटा तुकडा घेतला, कारण नक्की काय आहे ते कळल्याशिवाय किती कापायचं हे ठरत नाही. रिपोर्ट आला म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, लो ग्रेड, म्हणजे लाळग्रंथीचा कॅन्सरच, पण हळू वाढणारा, सौम्य प्रकारातला. ते नाव वाचून माझे हातपाय गळाले होते, पण डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून लो ग्रेड म्हणजे काय ते आईला समजेल असं सांगितलं. मग हाडासाठी सीटी, नसांसाठी एमआरआय. हाड शाबूत होतं त्यामुळे आजूबाजूची थोडी चांगली कातडी धरून गाठ काढली, आणि ऑपरेशनआधीच दातांचं माप घेऊन टाळू झाकणारी प्लेट बनवून ठेवलेली, ती जखमेवर बसवली म्हणून आई दुसऱ्या दिवशी पातळ खाऊ शकली. कडा क्लिअर आल्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर दिसला नाही, रेडिएशन लागलं नाही.

एक स्टार कापला तो बायोप्सीच्या रिपोर्टसाठी. तुकडा तपासताना जादा स्टेन (खास रंग) लावायला वेळ लागला ते ठीक आहे, पण तसा फोन कोणी केला नाही, आम्ही रोज काउंटरवर विचारत होतो आणि आई रात्र रात्र जागी असायची.