‘फोकलोर’ की ‘एव्हरमोर’?

अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचे हे दोन्ही अल्बम २०२० सालचे. ‘फोकलोर’ २४ जुलैला, नागपुरात ऐन पावसाळा असताना आला, तर ‘एव्हरमोर’ ११ डिसेंबरला, संत्र्यांच्या हंगामात. दोन्हींना संगीतकार-निर्माते आरॉन डेसनर यांच्या संयत वाद्यमेळाचा आधार आहे.

‘फोकलोर’चे बलस्थान म्हणजे ‘कार्डिगन’, ‘ऑगस्ट’ आणि ‘बेटी’ ही तीन गाणी. एकाच प्रेमाची हकिकत त्यांत तीन व्यक्ती आपापल्या बाजूने सांगतात, आणि ‘बेटी’तल्या माउथ ऑर्गनमुळे ते गाणे सांगणाऱ्या मुलाचा कोवळा, ओशाळलेला स्वर अधिकच खरा वाटतो. खडी गंमत हे विदर्भातले लोकनाट्य पाहत वाढलेल्या वैदर्भीय श्रोत्याला, पात्र बदलताच गाण्याचा बाज बदलण्याची ही रीत परकी वाटू नये.

‘एव्हरमोर’मधील कथा अधिक विखुरलेल्या आहेत, त्यातली खुनाची गोष्ट रंजक असली तरी मनात फार रेंगाळत नाही. ‘मार्जोरी’ मात्र वेगळे आहे. ऑपेरा गायिका असलेल्या टेलरच्या दिवंगत आजीचा जुना ध्वनिमुद्रित आवाज त्यात मागून ऐकू येतो, आणि आपल्या आजीच्या ओव्या आठवणाऱ्या कोणालाही तो क्षण हेलावून टाकतो.

प्रथमच ऐकणाऱ्याला मी ‘फोकलोर’ सुचवीन. हिवाळ्यातल्या संध्याकाळी, नागपूरच्या फुटाळा तलावाकाठी एकट्याने ऐकायला मला मात्र ‘एव्हरमोर’च हवा.