काचबिंदू, परदेशातील शस्त्रक्रिया आणि दोन आलेख

माझ्या वडिलांना काचबिंदू, म्हणजे सहसा डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस सुकत जाण्याचा आजार, असल्याचे निदान २०१४ मध्ये नाशिकला झाले. पुढची आठ वर्षे ते घड्याळ लावून थेंब घालत होते. तरीही उजव्या डोळ्याची नजर कडेने आक्रसत गेली आणि शेवटी नळीतून पाहावे तेवढेच समोरचे दिसू लागले. आमच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण ती उरलेली नजर राखण्यासाठी आहे, गेलेली परत आणण्यासाठी नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. घरी येईपर्यंत वडील एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही दोघेही, एकमेकांना न सांगता, डॉक्टरांचे हे म्हणणे चुकीचे आहे असे सांगणारा कोणीतरी शोधत होतो आणि असा माणूस फार शोधावा लागत नाही.

आम्हाला तो मुंबईत भेटला. परदेशी उपचारांची व्यवस्था करणाऱ्या एका कार्यालयातील हे गृहस्थ स्वतःला रुग्ण-समन्वयक म्हणवीत. बँकॉकच्या एका खासगी दवाखान्यात डोळ्याचा दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया आणि सोबत स्टेम सेलचे, म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींचे इंजेक्शन, त्यात विमानभाडे व सात दिवसांचे राहणे धरून नऊ लाख चाळीस हजार रुपये, असे त्यांचे पॅकेज होते. सुकलेली नस स्टेम सेलने पुन्हा जिवंत होते, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. मी बँकेत कर्जप्रकरणांची कागदपत्रे तपासण्याचे काम करते. हे कागद मात्र मी तपासले नाहीत.

तपासले असते तर पुढील गोष्टी तेव्हाच कळल्या असत्या. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, काचबिंदूत ते मरत जातात, आणि मेलेले तंतू पुन्हा उगवतील असा सिद्ध झालेला उपचार आज कुठेही उपलब्ध नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मंजूर चाचणीबाहेर रुग्णांवर स्टेम सेल वापरता येत नाहीत. याच वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या तीन वृद्ध स्त्रियांची हकिगत आली होती. त्यांचा आजार काचबिंदू नव्हता, दृष्टिपटलाचा होता. परंतु त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्याने त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. त्यांच्याकडूनही प्रत्येकी पाच हजार डॉलर घेतले होते. खऱ्या चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे असे पैसे सहसा घेत नाहीत, एवढे जरी मला ठाऊक असते तरी पुरले असते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, डोळ्याच्या मागे इंजेक्शन दिले गेले, आणि सहाव्या दिवशी दृष्टिक्षेत्राची चाचणी करून आधीचा व नंतरचा असे दोन आलेख आमच्यापुढे ठेवण्यात आले. अशा आलेखात न दिसणारा भाग काळा उमटतो. आधीचा कागद बहुतेक काळा होता, नंतरच्यात मधोमध मोठा पांढरा भाग होता. वडिलांचे डोळे भरून आले.

नाशिकला परतल्यावर आमच्या डॉक्टरांनी ते दोन कागद शेजारी ठेवले आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. पहिल्यावर २४-२ असे छापलेले होते, दुसऱ्यावर १०-२. पहिली चाचणी दृष्टीच्या मध्यापासून चोवीस अंशांपर्यंतचा भाग तपासते, दुसरी फक्त दहा अंशांपर्यंतचा. ज्याची नजर मध्याभोवतीच उरली आहे, त्याच्या दुसऱ्या कागदावर तेच उरलेले बेट पानभर पसरलेले दिसते. नकाशाचे प्रमाण बदलून जिल्हा मोठा झाल्याचे सांगावे, तसा हा प्रकार होता; यंत्र खरे होते, आकडे खरे होते, तुलना तेवढी खोटी होती.

दुसरा फटका मात्र अधिक गंभीर होता. वडिलांवर झालेली ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया मुळात खोटी नाही. ती १९६८ पासून ज्ञात आहे, भारतात अनेक शहरांत होते, आणि काही रुग्णांच्या डोळ्यांत बसवावी लागणारी नळीसुद्धा मदुराईला तयार होते. या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करून आतले पाणी झिरपू देतात. ही वाट फार उघडी राहिली तर दाब कोसळतो, बुजली तर पुन्हा चढतो. म्हणून पहिले काही आठवडे वारंवार दाब मोजून, गरजेनुसार टाके सैल करून ती जुळवून घ्यावी लागते. शस्त्रक्रियेचे निम्मे काम या भेटींतच असते आणि आमच्या पॅकेजमध्ये नेमके तेच नव्हते.

बाराव्या दिवशी वडिलांना धूसर दिसू लागले. डोळ्यातला दाब साधारणपणे पाऱ्याच्या दहा ते एकवीस मिलिमीटर असतो, तो तीनवर आला होता आणि डोळ्याच्या आतल्या थरांमध्ये पाणी साचले होते. टाके कोणत्या प्रकारचे आहेत, व्रण धरून वाट बुजू नये म्हणून मायटोमायसीन हे औषध किती तीव्रतेचे व किती मिनिटे लावले, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा माझ्याकडे दीड पानांचा, अर्धा थाई भाषेतील कागद होता. त्यात स्टेम सेलचा उल्लेखही नव्हता. अखेर नाशिकलाच झडपेचे टाके पुन्हा घालावे लागले. परदेशी जायचेच असेल, तर शस्त्रक्रियेची संपूर्ण इंग्रजी टिपणे देण्याचे आधी लेखी कबूल करून घ्यावे, आणि परतल्यावरचे दीड-दोन महिने कोणता काचबिंदूतज्ज्ञ पाहणार, हे त्याला स्वतः विचारून ठरवावे. पुढेही, अगदी काही वर्षांनी, त्या डोळ्याला लाली आणि दुखणे सुरू झाले तर त्याच दिवशी दाखवावे लागते, हेही आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही.

मुंबईच्या कार्यालयाने उपचारांची जबाबदारी आपली नसल्याचे कळवले. पावतीवर खरोखरच 'प्रवास व समन्वय सेवा' एवढेच लिहिलेले होते, आणि संमतिपत्रातील बारीक अक्षरांत सर्व वाद थायलंडच्या न्यायालयांत चालतील असे कलम होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणून कार्यालयाविरुद्धची तक्रार नाशिकलाच दाखल केली आहे. दवाखान्यापर्यंत मात्र आमचा हात पोहोचत नाही.

दाब आता बारावर स्थिर आहे. दर सहा महिन्यांनी दृष्टिक्षेत्राची चाचणी होते, आणि कागद हाती आला की वडील सर्वांत आधी मला वरच्या कोपऱ्यातला आकडा वाचायला सांगतात.